पाणी आपलं, मग जंगल कोणाचं?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. कांद्याला आज काय भाव निघाला एवढंच बघायला आला असाल तर खुशाल पुढं सरका. पण पाण्यावर भांडायचं असेल तर थांबा, कारण हे सगळं पाण्याबद्दलच आहे.

2024 मध्ये नार-पार-गिरणा प्रकल्पाला राज्य सरकारची मंजुरी मिळाली. 7,015 कोटींचा आकडा तेव्हा आपल्याकडं प्रत्येकाच्या स्टेटसला होता. कोणाच्या नेत्यानं आणला, कोणाच्या नेत्यानं अडवला, कोणी किती वर्षं पाठपुरावा केला, यावर आपण महिनाभर भांडलो. पश्चिमेकडं वाहत गुजरातमार्गे समुद्राला मिळणारं नार आणि पार नद्यांचं पाणी वरच अडवायचं, उपसायचं, बोगद्यातून गिरणेच्या खोऱ्यात आणायचं, अशी ती योजना. मला त्या पाण्याचा आनंद नाही असं कोणी समजू नये. पूर्व भागातल्या माणसाला उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही. पण तेव्हाच्या त्या शेकडो कमेंटमध्ये मी एक शब्द शोधत होतो, तो मला सापडला नाही. जंगल.

पाणी कुठून आणायचं हे सगळ्यांना पाठ आहे. ते तिथं कशामुळं असतं, हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. सह्याद्रीचं जंगल वाचवा म्हटलं की लोक म्हणतात, "भाऊ, ते कोकणातलं, कोल्हापूरकडचं. देवळ्यात कुठंय जंगल? इथं कुसळं उगवतात." खरं आहे. आपल्याकडं पाऊस पडतो पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही त्याच्या लहरीप्रमाणं. आपण पर्जन्यछायेतले. ढग वरच्या डोंगरावर रिकामे होतात आणि आपल्याकडं येतो तो वारा. पण म्हणूनच तर हा विषय कोकणापेक्षा आपला जास्त आहे! कोकणातल्या माणसाच्या अंगणात पाऊस पडतो. आपल्या वाट्याला येतो तो दुसऱ्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस, नदीतून आणि कालव्यातून.

गिरणा कुठं उगवते? केमच्या डोंगरात, सुरगाणा-कळवणच्या बाजूला. म्हणजे सह्याद्रीत. चणकापूर धरण इंग्रजांनी 1911 साली बांधलं ते त्या डोंगरावरच्या पावसाच्या भरवशावर. उजव्या कालव्याचं आवर्तन, रामेश्वर धरण पूरपाण्यानं भरून घ्या म्हणून दर पावसाळ्यात होणारी निवेदनं, झाडी-एरंडगावपर्यंतच्या वाढीव कालव्यासाठी पिढ्यान् पिढ्या चाललेली झगडाझगडी, हे सगळं त्या एका डोंगररांगेला लटकलेलं आहे. नार आणि पारही त्याच भागातल्या. एका उताराचं पाणी आपल्याकडं येतं, दुसऱ्या उताराचं गुजरातकडं जातं. आता तेही आपल्याला पाहिजे. ठीक आहे. मग त्या उतारांवर जे उभं आहे ते कोणाचं?

आणि हे फक्त गिरणेचं नाही. गोदावरी त्र्यंबकला, भीमा भीमाशंकरला, कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरला, हिरण्यकेशी आंबोलीला. सगळ्या डोंगराच्या माथ्यावर, जंगलात उगवतात आणि पाठ फिरवून पूर्वेकडं, कोरड्या मुलखाकडं चालू लागतात. गडहिंग्लजचा ऊसवाला आणि देवळ्याचा कांदेवाला एकाच आईचं दूध पितात. फरक इतकाच की आंबोलीला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथलं जंगल सदाहरित आहे. केमच्या बाजूला, सुरगाणा-पेठला, पाऊस त्याहून बराच कमी आणि जंगल पानझडी. साग, ऐन, बांबूचं. उगाच कोणी म्हणू नये की मी सुरगाण्यात ॲमेझॉन दाखवतोय. खरं सदाहरित जंगल महाराष्ट्रात आता तुकड्यातुकड्यांनी उरलंय. भीमाशंकरच्या माथ्यावर, महाबळेश्वरला, कोयना-चांदोलीत, राधानगरीत, आंबोली-तिलारीत. पण उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत ती एकच माळ आहे, आणि तिचं काय चाललंय ते दक्षिणेच्या टोकाकडं बघितलं की स्पष्ट दिसतं. म्हणून थोडं तिकडचं सांगतो.

सदाहरित जंगल म्हणजे खूप झाडं, एवढंच नाही. महाबळेश्वरच्या जंगलात अंजनी, जांभूळ, पिसा ही मुख्य झाडं. वर पानांचं एकसंध छप्पर. पाऊस जमिनीवर आपटत नाही, पानांवरून, खोडांवरून निथळत खाली येतो. खाली वीतभर पालापाचोळा, त्याखाली मुळांचं जाळं, बुरशी, गांडुळं, वाळवी. माती मात्र बिचारी पातळ. बऱ्याच ठिकाणी खाली जांभा. लोकांना वाटतं एवढं घनदाट जंगल म्हणजे जमीन सोन्यासारखी असणार. तसं नसतं. तिथली श्रीमंती मातीत साठवलेली नसते, ती झाडांत आणि पाचोळ्यात फिरत असते. पान पडलं, कुजलं, मुळांनी लगेच उचललं. झाडं काढली की हे फिरणं थांबतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत वरची माती धुऊन खडक उघडा पडतो. मग त्याच जागी हजार रोपं लावा. खड्डा दिसेल, ट्री-गार्ड दिसेल, साहेबांचा फोटो दिसेल. जंगल दिसणार नाही.

बी पसरवणारेही लागतात. धनेश पक्षी घ्या. मोठी फळं गिळतो, लांब उडत जातो आणि बी टाकतो. त्याची मादी जुन्या मोठ्या झाडाच्या ढोलीत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला बाहेरून भरवतो. आता बेहड्याचं शंभर वर्षांचं झाड तोडलं की ढोली गेली. ढोली गेली की धनेश गेला. धनेश गेला की ज्या झाडांची फळं दुसरं कोणी गिळू शकत नाही त्यांची पुढची पिढी गेली. एक झाड तोडलं, दहा लावू, हा हिशेब इथंच फसतो. शंभर वर्षांची ढोली कोणत्या नर्सरीत मिळते?

पाण्याबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, कारण पर्यावरणवाले कधी कधी ती गाळतात. झाडं पाणी पितातसुद्धा. कुठंही, कोणतंही झाड लावलं की झरे वाहतात, असं नाही. निलगिरीची लागवड करून माळ आणखी कोरडे केल्याची उदाहरणं जगभर आहेत. पण खालच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, संशोधकांनी तीन प्रकारच्या जमिनींची तुलना केली आहे. नैसर्गिक जंगल, अकेशियाची लागवड आणि उजाड झालेली जमीन. पावसाचं पाणी जमिनीत सगळ्यात जास्त मुरतं ते नैसर्गिक जंगलात, आणि उजाड जमिनीवरून ते गढूळ होऊन पळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर जंगलाची जमीन आवर्तन सावकाश सोडते, उजाड जमीन एका रात्रीत सगळं सोडून मोकळी होते. वर गाळ सोडते तो वेगळाच. तो जातो धरणात. धरणाची साठवण कमी झाली की आपण पाटबंधारे खात्याला शिव्या देतो.

आणखी एक. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 साली दाखवलं की तामिळनाडूत नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात जो पाऊस पडतो त्यातला मोठा हिस्सा पश्चिम घाटातल्या जंगलांनी श्वासावाटे सोडलेल्या बाष्पाचा असतो. दक्षिण अमेरिकेत याला उडत्या नद्या म्हणतात. ॲमेझॉनच्या जंगलातून निघालेलं बाष्प हजारो किलोमीटर जाऊन शेतीवर पडतं. हा अभ्यास तामिळनाडूचा आहे, देवळ्याचा नाही, म्हणून मी तो ओढून-ताणून आपल्या शिवारात आणत नाही. पण जंगल फक्त पाऊस घेतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ते पाऊस पुढं पाठवतंही.

आता तिलारीकडं, म्हणजे दोडामार्ग-सावंतवाडीकडं चला. कोकणातलं बरंचसं जंगल सरकारचं नाही, खासगी मालकीचं आहे. दोडामार्ग भागात बाहेरून पैसा आला, जमिनी घेतल्या गेल्या, डोंगरच्या डोंगर साफ झाले आणि तिथं रबर आणि अननस लागला. कळण्याला लोहखनिजाची खाण आली. गावानं विरोध केला होता. 2021 च्या जुलैमध्ये त्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल लोकांच्या घरांत आणि बागांत शिरला. ज्या पट्ट्यातून हत्ती आणि वाघ महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक असा फिरतात तो हा पट्टा. त्यासाठी लोक कोर्टात गेले. 2013 साली हायकोर्टानं वृक्षतोडीवर बंदी घातली. तरी तोड होत राहिल्याच्या तक्रारी होत राहिल्या. 2024 मध्ये कोर्टाला पुन्हा सरकारला सांगावं लागलं की इथली पंचवीस गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा. दहा-अकरा वर्षं! एका पट्ट्यासाठी!

आणि गंमत बघा. इतकी तोड होऊनही कागदावर जंगल कमी झालेलं दिसेलच असं नाही. कारण भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्याच अशी आहे की एक हेक्टरपेक्षा मोठ्या जमिनीवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाडोऱ्याची सावली असेल तर ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कोणतं, याला महत्त्व नाही. म्हणजे सदाहरित जंगल तोडून रबर लावा, काही वर्षांनी उपग्रहाला ते हिरवंच दिसणार. आमराईही हिरवीच. मग दिल्लीतून अहवाल येतो, वनाच्छादन वाढलं, आणि आपण टाळ्या वाजवतो. याला फसवणूक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

राज्यातली वृक्षलागवड आठवते ना? 2016 ला दोन कोटी, 2017 ला चार, 2018 ला तेरा, 2019 ला तेहतीस कोटी. आपल्याही तालुक्यात खड्डे झाले, फोटो झाले. ज्याला जायचं असेल त्यानं डोंगरावर जाऊन बघून यावं की किती जगली. रोपं लावूच नयेत असं मी म्हणत नाही. बांधावर लावा, रस्त्यानं लावा, शाळेत लावा. पण लावलेल्या झाडांचा हिशेब दाखवून उभं जंगल तोडायचा परवाना मागू नका. नाशिकमध्ये तपोवनातल्या झाडांवरून लोक 2025 मध्ये रस्त्यावर उतरले तेव्हाही हेच सांगण्यात आलं, तोडू पण त्याच्या कितीतरी पट लावू. ती तर शहरातली झाडं होती. जंगलाच्या बाबतीत हा सौदा म्हणजे म्हातारी माणसं देऊन त्यांच्या वजनाची पोरं घेण्यासारखा. (आणि हेही सांगतो, आपल्या देवळ्याच्या माळावर सदाहरित जंगल उगवणार नाही आणि उगवू पण नये. इथं गवत, बोर, बाभूळ, खैर हेच बरोबर. जिथलं तिथं.)

आता येतो त्या अधिसूचनेवर, जिच्या नावानं पश्चिम पट्ट्यात लोकांना इतकी वर्षं घाबरवलं जातंय.

2010 मध्ये केंद्रानं माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटाचा अभ्यास करायला समिती नेमली. 2011 मध्ये अहवाल गेला. सरकारनं तो दाबून ठेवला. माहिती अधिकारात मागितला तरी देईना. शेवटी कोर्टात हरल्यावर 2012 च्या मे महिन्यात तो लोकांसमोर आला. त्या अहवालात गाडगीळांनी पुन्हा पुन्हा एकच म्हटलं होतं, की हे वरून लादू नका. लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढं ठेवा, त्या ठरवतील. पण नेत्यांनी गावोगाव काय सांगितलं? गाडगीळ आले की तुमची जमीन जाणार, घर दुरुस्त करता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत. मग कस्तुरीरंगन यांचा गट आला. 2013 मध्ये त्यांनी क्षेत्र पुष्कळ कमी केलं, आणि ग्रामसभांना आधी विचारायचा तो मुद्दा मागे पडला. त्यांच्या अहवालावरून 2014 ला पहिला मसुदा निघाला. मुदत संपली, दुसरा निघाला. असे करत 31 जुलै 2024 ला सहावा. दहा वर्षांत सहा मसुदे, आणि त्या दहा वर्षांत अंतिम अधिसूचना एकही नाही. सहा राज्यांत मिळून साधारण 56,800 चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे 17,340. त्यात आपल्या जिल्ह्यातली इगतपुरी-त्र्यंबककडची गावंही आहेत. प्रत्येक वेळी प्रत्येक राज्य तेच म्हणतं, आमची गावं वगळा. आपलं राज्यही त्यात मागे नाही.

त्या मसुद्यात खरं काय आहे? खाण, दगडखाण आणि वाळू उपसा बंद, चालू खाणी पाच वर्षांत किंवा पट्टा संपेपर्यंत आवरायच्या. नवे औष्णिक वीज प्रकल्प नाहीत. सर्वांत प्रदूषणकारी, म्हणजे लाल गटातले नवे उद्योग नाहीत. वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं नाहीत, मोठ्या टाउनशिप नाहीत. बास. शेती बंद असं कुठंही लिहिलेलं नाही. राहतं घर दुरुस्त करायला, वाढवायला बंदी नाही. जमीन विकायला-घ्यायला बंदी नाही. उलट तसं स्पष्ट लिहिलं आहे. मला सांगा, आपल्यापैकी कोणाच्या घराचं बांधकाम वीस हजार चौरस मीटरचं आहे? ही बंदी कोणाला नडते? खाणवाल्याला, क्रशरवाल्याला, डोंगर कापून बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्याला. पण मोर्चात पुढं उभा केला जातो तो दोन एकरवाला शेतकरी. खांदा आपला, बंदूक त्यांची.

शेतकऱ्याची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. वनखात्याशी ज्याचा संबंध आला त्याला ती भीती कुठून येते हे माहीत आहे. मोळी आणली म्हणून दंड आणि ट्रकभर लाकूड गेलं तर कोणी बघितलं नाही, असा अनुभव डोंगरातल्या माणसाचा असेल तर तो नव्या कायद्याकडं संशयानंच बघणार. पण त्याचं उत्तर ग्रामसभेच्या हातात अधिकार देणं हे आहे, डोंगर क्रशरच्या हातात देणं नव्हे.

तारखा बघा. 30 जुलै 2014, माळीण. एका सकाळी डोंगर गावावर आला, 151 माणसं गेली. 22 जुलै 2021, महाडजवळ तळिये. 19 जुलै 2023 ची रात्र, इर्शाळवाडी. 30 जुलै 2024, वायनाड. अडीचशेच्या वर मृत्यू. माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी. वायनाडचा तो वैथिरी तालुका गाडगीळांनी सर्वात संवेदनशील गटात टाकला होता. सहावा मसुदा निघाला तो वायनाडच्या दुसऱ्या दिवशी. प्रत्येक दरड जंगलतोडीमुळंच पडते असं नाही. पाऊस, उतार, खडक, खोदकाम सगळं असतं. पण धोका लिहून दिलेला असताना तो कागद दाबून ठेवणाऱ्यांना नैसर्गिक आपत्ती हा शब्द वापरायचा काय अधिकार?

आता आपल्याकडचं सगळ्यात लाडकं वाक्य. "जंगल तर आदिवासीच तोडतात." चहाच्या टपरीवर, लग्नात, बाजार समितीत, सगळीकडं ऐकतो. सटाण्याच्या पलीकडं, साक्री तालुक्यात बारीपाडा म्हणून कोकणा आदिवासींचं गाव आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथंही डोंगर उघडे होते, पाण्यासाठी बायका वणवण फिरत होत्या. गावानं बसून नियम केले. तोड बंद, तोडणाऱ्याला दंड, राखण गावाची. साडेचारशे हेक्टरच्या आसपास जंगल त्यांनी उभं केलं. लावलं कमी, राखलं जास्त. विहिरींना पाणी आलं, शेती सुधारली, आणि रानभाज्यांचा महोत्सव बघायला आता शहरातली माणसं जातात. त्या कामासाठी चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. ही गोष्ट स्वित्झर्लंडची नाही, आपल्या शेजारच्या जिल्ह्याची आहे. बागलाणच्या माणसाला तर ती शेजारच्या तालुक्याची.

2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेला तो लाल मोर्चा आठवा. तळपायाची सालं निघालेली माणसं. त्यात सुरगाण्याची, पेठची, कळवणची माणसं किती होती! त्यांची मागणी काय होती? कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क. 2006 च्या वनहक्क कायद्यानं तो दिलेला होता, अंमलबजावणी होत नव्हती. ज्याला उद्या हाकलतील की काय याची खात्री नाही तो पन्नास वर्षांचा विचार करून झाड राखेल का? आपण आपल्या भाड्यानं घेतलेल्या वावरात बांधबंदिस्ती करतो का? नाही ना.

आणि मंडळी, जरा आपला हिशेब मांडू. वरच्यानं डोंगर राखायचा, तिथं कारखाना नको, खाण नको, धरण झालं तर जमीन त्यानं द्यायची. पाणी खाली येणार, त्यावर कांदा आपला, डाळिंब आपलं, द्राक्ष आपलं. सुरगाण्यात पाऊस दाबून पडतो आणि उन्हाळ्यात त्याच सुरगाण्याच्या पाड्यांवर बायका झऱ्याच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात. आणि त्यांना आपण सांगणार, जंगल राखा. कोणत्या तोंडानं? गुजरातच्या बाजूला पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाला डांग-वलसाडच्या आदिवासींनी विरोध केला तेव्हा 2022 मध्ये तिथल्या सरकारला माघार घ्यावी लागली. नार-पारच्या वेळी वरची माणसं प्रश्न विचारतील तर त्यांना विकासविरोधी म्हणण्यापूर्वी विचार करा. ते आपल्या पाण्याच्या टाकीचे राखणदार आहेत.

राखणदाराला पगार द्यावा लागतो. हे काही माझं डोकं नाही. कोस्टारिका नावाचा छोटा देश आहे, तिथंही असंच उष्ण कटिबंधातलं वर्षावन. गुरांच्या कुरणांसाठी त्यांनी ते इतकं तोडलं की ऐंशीच्या दशकात देशाच्या साधारण पाव भागावर जंगल उरलं. 1996 ला त्यांनी कायदा केला. इंधनावर कर, आणि त्यातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला दरवर्षी पैसे. बाकीही कारणं होती, मांसाचे भाव पडले, पर्यटन वाढलं. पण आज अर्ध्याहून जास्त देश पुन्हा जंगलाखाली आहे. तिकडं जायचं नसेल तर हिमाचलात पालमपूरला बघा. तिथल्या नगरपरिषदेनं 2010 मध्ये वरच्या गावांशी करार केला. आमच्या पिण्याच्या झऱ्याचं जंगल तुम्ही राखा, आम्ही दरवर्षी तुम्हाला रक्कम देऊ. रक्कम लहान आहे, पण तत्त्व मान्य झालं. कोकणात आणि भीमाशंकरकडं हिरडा-बेहड्याला चांगला भाव मिळवून देऊन जुनी झाडं उभी ठेवण्याचं काम पुण्याच्या संस्था करत आहेत. झाड तोडून एकदा मिळणाऱ्या पैशापेक्षा उभ्या झाडाचं दरवर्षीचं फळ परवडलं की मालक स्वतःच कुऱ्हाड अडवतो.

7,015 कोटींच्या प्रकल्पात पाइप, बोगदे, पंप, सिमेंट सगळ्याला पैसे आहेत. मग वरचं पाणलोट क्षेत्र, ज्याच्या जिवावर हे पंप चालणार, ते राखायला एक टक्का तरी बाजूला काढा ना. एक टक्का म्हणजे सत्तर कोटी. तो वरच्या ग्रामसभांच्या नावानं, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांच्या खात्यात, वनखात्याच्या नव्हे.

येत्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. त्याचा मसुदा असा. एक, नार-पार-गिरणा प्रकल्पात किती वनक्षेत्र जाणार, कोणत्या गावांचं, आणि त्या गावांच्या ग्रामसभांची संमती घेतली का, हे लाभधारक गाव म्हणून आम्हाला मराठीत, लेखी मिळावं. दोन, प्रकल्पखर्चाचा एक टक्का वरच्या पाणलोटातल्या जंगलासाठी तिथल्या ग्रामसभांना मिळावा, आणि पाणीपट्टीतून पुढं दरवर्षी त्यात भर पडावी. हो, आपल्या पाणीपट्टीतून. तीन, पश्चिम घाटाच्या अंतिम अधिसूचनेला या गावाचा पाठिंबा आहे. चार, आपल्या आमदार-खासदारांनी या विषयावर सभागृहात काय भूमिका घेतली ती गावात येऊन सांगावी.

दुसऱ्या कलमावर शिव्या पडणार हे मला माहीत आहे. पाणीपट्टी आधीच थकलेली, त्यात हा आणखी वाढवायला निघाला म्हणून. द्या शिव्या. पण शिव्या देताना एकाने तरी सांगावं की केमचा डोंगर फुकटात कोण राखणार आहे आणि का राखणार आहे. ठरावाची प्रत ज्या गावांना पाहिजे त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, पाठवतो. उमराण्याच्या बाजूची मंडळी, तुमची नावं आधी पाहिजेत.